वीस नंबरचा समुद्र

चित्र हाती आलं की आधी ते उलटं करावं. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, मागची कारागिरांची. गिरगावात बाबांचं फ्रेमचं दुकान होतं. गणपतीचं ओलिओग्राफ असो की कुणाच्या आजोबांचा मोठा करून रंगवलेला फोटो, बाबा काच पुसण्याआधी पाठीमागचा पुठ्ठा बघायचे. खिळे कुठले आहेत, वाळवी लागलीय का, आधी कुणी उघडलंय का. आज मी फ्रान्समध्ये रुआँ शहरात जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. हाताशी सूक्ष्मदर्शक आहे, अतिनील दिवा आहे, पण सुरुवात अजूनही पाठीपासूनच होते.

ज्या चित्राबद्दल लिहिते आहे ते मला एका खेड्यातल्या जुन्या बाजारात मिळालं. नॉर्मंडीत उन्हाळ्यात गावोगाव असे बाजार भरतात, ‘फ्वार आ तू’ म्हणतात त्यांना. माळ्यावरचं सगळं त्या दिवशी रस्त्यावर येतं. विकणाऱ्या बाईंचा सारा जोर सोनेरी चौकटीवर होता. आतलं चित्र त्यांच्या लेखी चौकट रिकामी दिसू नये म्हणून ठेवलेलं. चित्रात एत्रता गावचा किनारा आहे. पुढ्यात गोट्यांचा उतार, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, एक मोठा लाकडी रहाट, पलीकडे वाकून कपडे धुणाऱ्या बायका, आणि शेवटी खडूचा पांढरा कडा, त्याच्या माथ्यावर टोकदार शिखराचं प्रार्थनागृह. एत्रताची सर्वांत नावाजलेली कमान, पोर्त दाव्हाल, या चित्रात नाही. ती चित्रकाराच्या पाठीमागे राहिली आहे. उजव्या कोपऱ्यात सही आहे: एक आद्याक्षर, मग आडनाव. फ्रान्समध्ये चित्रकारांची माहिती शोधायची तर १९११पासून निघत आलेला बेनेझितचा जाडजूड कोश उघडतात. त्यात हे नाव नाही.

नाव नाही म्हटल्यावर बहुतेक जण चित्र भिंतीला लावून मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की अशा चित्राचा खरा इतिहास नाव संपतं तिथे सुरू होतो. ते एका माणसाच्या प्रतिभेचं काम म्हणून बघायचं नाही, एका धंद्याचा माल म्हणून बघायचं.

पाठीवर पहिली गोष्ट दिसते ती माप. चित्र ७३ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच आहे. हे आकडे चित्रकाराने निवडलेले नाहीत. फ्रान्समध्ये ताणलेला कॅनव्हास ठरलेल्या नंबरांत मिळायचा, आजही मिळतो, आणि प्रत्येक नंबराचे तीन प्रकार: व्यक्तिचित्राचा, निसर्गदृश्याचा आणि समुद्राचा. वीस नंबरची लांब बाजू तिन्हींत ७३च असते. आखूड बाजू मात्र माणसासाठी ६०, झाडा-डोंगरांसाठी ५४ आणि समुद्रासाठी ५०. म्हणजे समुद्र सर्वांत बुटका, म्हणून सर्वांत लांबट दिसणारा. दुकानात जाऊन ‘वीस नंबरचा समुद्र द्या’ म्हणायचं, की क्षितिजाला हवी तेवढी जागा आधीच कापून ठेवलेली असायची.

दुसरी गोष्ट कडा. चौकटीच्या लाकडावर दुमडून खिळ्यांनी ठोकलेल्या पट्टीवरही पांढरा अस्तररंग पोचलेला आहे. चित्रकार स्वतः कापड ताणून मग अस्तर देतो तेव्हा ही दुमडलेली पट्टी बहुधा कोरीच राहते. इथे ती पांढरी आहे, म्हणजे कारखान्यात अस्तर दिलेल्या लांबलचक ताग्यातून हा तुकडा कापला गेला. कोपऱ्यांत पाचरी आहेत, कापड सैल पडलं की हलक्या हाताने ठोकून पुन्हा ताणायला. आणि मधोमध, पुसट होत चाललेला, ल आव्र शहरातल्या एका रंगविक्रेत्याचा शिक्का. पॅरिसचा नव्हे, बंदराच्या गावचा. म्हणजे किनाऱ्यालगतच्या त्या शहरात तयार कॅनव्हास विकून पोट भरावं इतकी गिऱ्हाइकं होती.

ती आली कुठून? अठराव्या शतकात फ्रान्समध्ये समुद्राचं चित्र हे राजाचं काम होतं. १७५३ साली पंधराव्या लुईच्या दरबाराने जोझेफ व्हेर्नेकडे देशाच्या बंदरांची मोठमोठी चित्रं सोपवली. ठरली होती चोवीस, झाली पंधरा. त्यांत गोद्या आहेत, तोफा आहेत, पिंपं आहेत, राज्याची मालमत्ता मोजून दाखवावी तशी मांडलेली. १८३०मध्ये नौदलाचे अधिकृत चित्रकार नेमले जाऊ लागले. त्यांच्याकडून लढाया आणि जहाजं हवी असत. साधा किनारा, जिथे बंदर नाही, तोफ नाही, फक्त कोळी आहेत, तो कुणाला हवा होता?

तो हवासा झाला पॅरिसकरांमुळे. १८२४पासून राजघराण्यातली बेरीची डचेस दिएपला समुद्रस्नानाला येऊ लागली आणि खाऱ्या पाण्यात बुडी मारणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पुढच्याच वर्षी शार्ल मोझँ नावाचा एकोणीस वर्षांचा चित्रकार त्रूव्हील या कोळीवाड्यात येऊन ठेपला. त्याने ते गाव आयुष्यभर रंगवलं आणि १८६२ साली तिथेच देह ठेवला. आज त्याचं नाव किती जणांना माहीत आहे? पण त्याची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनांत टांगली गेली आणि ती बघून लोक त्रूव्हीलला येऊ लागले. आधी चित्रकार, मग लेखक, मग खानावळ, मग हॉटेल, मग कॅसिनो, असा हा क्रम. रेल्वे पॅरिसहून १८४३ साली रुआँला पोचली, १८४७ साली ल आव्रला, १८४८ साली दिएपला, १८६३ साली त्रूव्हीलला. जिथे गाडी पोचली तिथे घरी परतताना सोबत न्यायला समुद्राची मागणीही पोचली.

पुरवठ्याचं काम एका नळीने सोपं केलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचा. टाचणीने भोक पाडायचं, पिळायचा, भोक बुजवायचं. उरलेला रंग सुकायचा, नाहीतर पिशवी फुटून कपड्यांवर सांडायचा. १८४१मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. मग खिशात रंग आणि काखेत वीस नंबर घेऊन कड्यावर चढणं कुणालाही जमू लागलं, हौशी माणसालाही आणि पोटार्थी माणसालाही.

एत्रताला बंदर नाही. कड्यांच्या मधली चंद्रकोरीसारखी खाडी, तळाला वाळू नव्हे तर गोल गोटे. होडी आली की ती पाण्यात नांगरून चालत नाही, लाटा तिला आपटून फोडतील. ती उतारावर वर ओढावी लागते. त्यासाठी किनाऱ्यावर लाकडी रहाट रोवलेले असत. मधला उभा खांब, त्यातून आडवे दांडे, दांड्यांना छातीने रेटत गोल फिरणारी माणसं, खांबाभोवती गुंडाळत जाणारा दोर. माझ्या चित्रातल्या रहाटावर सहा जण आहेत. त्यांतल्या चौघी बायका आहेत, हे मला वर साचलेलं पिवळं वार्निश उतरवल्यावर कळलं. घागऱ्यांचे रंग त्या पिवळ्यात बुडून गेले होते. पुरुष समुद्रावरून थकून यायचे, होडी ओढायला घरच्या बायका-पोरं उतरायची. कोकणात होड्या ओढणं ज्याने बघितलं आहे त्याला हे निराळं सांगायला नको.

रहाटाशेजारी तीन झोपड्या दिसतात, त्यांचा आकार विचित्र आहे. त्या होड्याच आहेत. समुद्राला निकामी झालेली होडी किनाऱ्यावर वर नेऊन ठेवायची, तिच्यावर गवताचं छप्पर शाकारायचं, बाजूला दार कापायचं, की जाळी, दोर, पिंपं ठेवायला कोठी तयार. ‘कालोज’ म्हणतात तिला. माझ्या चित्रकाराने एका कालोजच्या दारावर डांबराचे ओघळ काढले आहेत, दुसरीच्या छपरावर वाऱ्याने गवत उडू नये म्हणून टाकलेला दोर दाखवला आहे. हे बघितल्याशिवाय सुचत नाही.

आणि त्या कपडे धुणाऱ्या बायका. समुद्रावर कपडे कोण धुतं? खाऱ्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. पण एत्रताच्या पोटातून एक नदी जमिनीखालून वाहते आणि ओहोटीला गोट्यांमधून तिचं गोडं पाणी किनाऱ्यावर उफाळतं. बायका ओहोटीची वेळ धरून येत, गोटे उपसून खळगे करत, त्यात पाणी साठवून कपडे धूत आणि भरतीच्या आत टोपल्या उचलत. पुढच्या भरतीत खळगे बुजून जात. चित्रातल्या तीन बायका गुडघ्यांवर आहेत, चौथी धुतलेली चादर गोट्यांवर पसरते आहे. चादरीची सावली निळी आहे.

त्या निळ्याचा एक छोटा कण मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सगळे कण बारीक, गोलसर, एकसारखे. लाजवर्द दगड कुटून केलेल्या निळ्यात कण ओबडधोबड, लहानमोठे असतात. हे कारखान्यातलं निळं. लाजवर्दी निळा इतका महाग, की १८२४ साली फ्रान्समधल्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. १८२८मध्ये ते झाँ-बातीस्त गिमेला मिळालं. गिमेने कारखाना काढला आणि त्याच्या मालाचा मोठा खप चित्रकारांकडे झालाच नाही. तो झाला कागदाच्या गिरण्यांत आणि धोबीघाटांवर, पिवळट पडणारं कापड पांढरं दिसावं म्हणून. आपण धुण्याला घालत आलो ती नीळ हीच. चादरीची सावली रंगवणारा निळा आणि चादरीला दिलेली नीळ एकाच जातीची. गिमेचा मुलगा एमील याने या उद्योगाच्या पैशावर आशियाचा प्रवास केला, मूर्ती आणि ग्रंथ जमवले, आणि १८८९ साली पॅरिसमध्ये संग्रहालय उघडलं. पॅरिसला येणारे आपल्याकडचे पाहुणे आज त्याच गिमे संग्रहालयात चोळकालीन नटराज बघायला जातात.

रंगांनी काळही सांगितला. पाण्यात एक थंड, पारदर्शक हिरवा आहे. क्रोमियमपासून तो करण्याच्या पद्धतीचं पेटंट गिन्ये या रसायनशास्त्रज्ञाने १८५९ साली घेतलं. म्हणजे चित्र त्यानंतरचं. टायटॅनियमचा पांढरा, जो पहिल्या महायुद्धानंतर बाजारात आला, तो कुठेच नाही, सगळा पांढरा शिशाचा. कड्यावरचं प्रार्थनागृह १८५०च्या दशकात उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने ते पाडलं, आज तिथे दिसतं ते युद्धानंतर बांधलेलं आणि त्याचा घाट वेगळा. चित्रात जुनं, उंच टोकाचं आहे. या सगळ्यांचा मेळ घातला, कापड आणि खिळे जमेस धरले, की चित्र १८६० ते १८९०च्या दरम्यान बसतं.

आता धंद्याची बाजू. क्षितिजाच्या रेषेखाली, रंग काळाने पातळ झाला आहे तिथे, पेन्सिलची रेघ दिसते. ती पट्टीने ओढलेली आहे. कड्याची बाह्यरेषाही आधी आखून घेतलेली. हे चित्र किनाऱ्यावर उभं राहून एका दमात केलेलं नाही. जागेवर रेखाटन झालं, मग खोलीत बसून सावकाश वीस नंबरवर उतरवलं गेलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचं १८७०चं त्रूव्हीलचं चित्र आहे, त्याच्या रंगात वाऱ्याने उडालेली वाळू अडकली आहे. माझ्या चित्रात कसलाच कण अडकलेला नाही. अशा चित्रकाराकडे एकच दृश्य निरनिराळ्या मापांत तयार असायचं: आठ नंबर डॉक्टरसाठी, वीस नंबर वकिलासाठी. याला कमी लेखायचं कारण नाही. गिऱ्हाईक सुट्टीत जो किनारा बघून आलं तोच त्याला भिंतीवर हवा असे, आणि रहाटाचे दांडे मोजून काढलेले नसले तर ते हरकत घेई.

शेजारच्याच किनाऱ्यावर अझेन बुदँ नेमकं उलट करत होता. ओंफ्लरच्या खलाशाचा हा मुलगा १८४४पासून ल आव्रमध्ये कागद-पेन्सिली आणि चौकटी विकायचा, म्हणजे आमच्याच व्यवसायातला. गावात येणाऱ्या चित्रकारांची चित्रं तो दुकानात मांडायचा. पुढे तो स्वतः पेस्टलने आकाश रंगवू लागला, आणि त्या चित्रांवर तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवायचा. कवी बोदलेरने १८५९च्या सालाँवर, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनावर, लिहिताना म्हटलं, की हाताने ते शब्द झाकले तरी चित्र बघून ऋतू, तास आणि वारा ओळखता येईल. बुदँला हवामान पकडायचं होतं. माझ्या अनामिकाला किनाऱ्यावरची वस्ती.

एत्रताला असाच एक वस्ती रंगवणारा नावारूपाला आला होता, अझेन ल प्वातव्हँ. जन्म १८०६, मृत्यू १८७०. १८६६ साली त्याने एत्रताच्या समुद्रस्नानाचं मोठं चित्र प्रदर्शनात मांडलं. पाण्यात उतरलेली, होडीवर चढलेली, काठावरून बघणारी पॅरिसची मंडळी त्यात ओळखू येतील अशी काढलेली. गावात त्याचं घर होतं. १८६९च्या उन्हाळ्यात त्याच घरात गुस्ताव्ह कूर्बे उतरला आणि खिडकीबाहेरच्या लाटा रंगवत बसला. पुढे लेखक झालेल्या तरुण मोपासाँने त्याला तिथे काम करताना पाहिलं आणि पुढे १८८६ साली लिहून ठेवलं: एक अवाढव्य माणूस स्वयंपाकघरातल्या सुरीने कोऱ्या कॅनव्हासवर पांढरा रंग थापतो आहे. मोपासाँनेच मोनेचंही वर्णन केलं आहे, एकाच दृश्याचे पाच-सहा कॅनव्हास मुलांच्या हाती देऊन, उजेड बदलला की कॅनव्हास बदलणारा. १८८५च्या नोव्हेंबरात मानपोर्त या कमानीखाली काम करताना मोनेला एका लाटेने कड्यावर आपटलं, रंग-कुंचले समुद्रात गेले. त्याने तिथे काढलेल्या चित्रांत दगड आणि पाणी असं काही पेटून उठतं, की माणसं असलीच तर ठिपक्याएवढी उरतात. कूर्बेच्या लाटेच्या चित्रांत तर किनाऱ्यावर माणूसच नाही.

इथे महान कलेला दोष देण्याचा हेतू नाही. मोनेने जे साधलं त्यासाठी त्याला रहाट ओढणाऱ्या बायका गाळणं भागच होतं. पण गाळलं कोणी आणि ठेवलं कोणी हे नोंदवायला हवं. होडी वर कशी येत होती, गोडं पाणी कुठे सापडत होतं, निकामी होडीचं काय करत, हे कळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या चित्रकारांकडून. त्यांना गाळण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी सगळं ठेवलं.

ही फळी केवढी मोठी होती! १८८०च्या पॅरिस सालाँमध्ये सात हजारांवर कलाकृती होत्या. शिवाय प्रांतोप्रांतीच्या शहरांत कलामित्र मंडळं होती. सभासद वर्गणी भरत, मंडळ प्रदर्शनातून चित्रं विकत घेई आणि सोडत काढून सभासदांत वाटे. कित्येक वीस नंबर असे चिठ्ठीने लोकांच्या दिवाणखान्यात गेले. आद्याक्षराच्या सहीमागे बाई असण्याचीही शक्यता असते, कारण पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत १८९७पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता आणि चित्र विकायचं तर पहिलं नाव झाकलेलं बरं असं अनेकींना वाटे. तो प्रवेश मिळवण्यासाठी झगडलेल्यांत व्हिर्जिनी दमाँ-ब्रताँ होती, उत्तर किनाऱ्यावरच्या विसाँ गावात राहून कोळणी रंगवणारी. तिचं एक चित्र १८८९ साली व्हॅन गॉगने स्वतःच्या पद्धतीने रंगवून पाहिलं. आज तिला ओळखतात ते बहुतेक त्या नकलेमुळेच.

धंदा बसला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर. एत्रताला रेल्वे आली १८९५ साली आणि तिच्या पाठोपाठ छायाचित्रांची पोस्टकार्डं. धुणाऱ्या बायका, कालोज, रहाट, सगळं थोड्या पैशांत मिळू लागलं, तेही बिनचूक. मग वकिलाने वीस नंबर का घ्यावा? ज्यांच्या हाती फक्त बिनचूकपणा होता त्यांची रोजी त्या पोस्टकार्डाने खाल्ली. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर तटबंदीची भिंत आली, आणि होड्यांची ती गर्दी पुन्हा भरली नाही. आज तिथे मोजक्या कालोज उभ्या आहेत, पर्यटकांना दाखवायला.

मग हे चित्र कुठे शोभेल? माझ्या मते कलादालनात नाही. तिथे मोनेशेजारी ते मेणचट दिसेल, आणि ते खरंच थोडं मेणचट आहे. फेकाँला, एत्रतापासून सतरा-अठरा किलोमीटरवर, कॉड मासा सुकवण्याच्या जुन्या कारखान्यात २०१७ साली संग्रहालय उघडलं आहे. तिथे मासेमारीचं सामान आणि किनाऱ्याची चित्रं एकाच छताखाली आहेत. चित्र मी तिथे द्यायचं म्हणते. पाटीवरचा मजकूरही लिहून ठेवला आहे: होडी ओढण्याचा रहाट, त्यावर चार बायका आणि दोन पुरुष, ओहोटीच्या खळग्यात कपडे धुणाऱ्या चौघी, तीन कालोज, एत्रता, १८६० ते १८९०, वीस नंबर, समुद्राचा, निळा गिमेच्या पद्धतीचा, हिरवा गिन्येच्या. सहीचं नाव सर्वांत खाली, लहान अक्षरांत. बघणाऱ्याने आधी बाकीचं वाचावं.